स्विचवर प्रत्येकाचं स्वतःचं नाव हवं : एक 'अ‍ॅडमिन' पासवर्ड आणि त्यातून झालेला अन्याय

निळी केबल | शनिवार, रात्री ९:४०

गेली अकरा वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात नेटवर्कची कामं करतोय. रबाळे, महापे, तुर्भे, अधूनमधून वागळे इस्टेट. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. स्विच (कॉम्प्युटर आणि इतर उपकरणं नेटवर्कला जोडणारी पेटी) वीस असोत की ऐंशी, सगळ्यांवर युजर 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही एकच. तो कंपनीतल्या चौघांना माहीत असतो, व्हेंडरच्या दोघांना माहीत असतो आणि मागच्या दिवाळीत सोडून गेलेल्यालाही माहीत असतो. हे का बदलायला हवं ते सांगायला हा धागा काढतोय. त्यासाठी आधी एक प्रसंग.

महापेतला एक कारखाना, नाव नको. रविवारी सकाळी सहाला गेटवरचा वजनकाटा सुरू केला तर सर्व्हरशी बोलेना. बाहेर ट्रकांची रांग लागली. शोधता शोधता कळलं की गेट केबिनकडे जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणारी जोडणी) कोणीतरी नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) टाकताना 'अ‍ॅड' हा शब्द विसरलं होतं. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' एवढंच टाइप केलं की आधीची सगळी यादी पुसून फक्त ३० उरतो. या धंद्यात प्रत्येकाकडून एकदा तरी होणारी चूक. वर ती सेव्हही केलेली.

लॉग पाहिला. त्यात एकच उपयोगाची ओळ : 'कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल बाय अ‍ॅडमिन ऑन व्हीटीवाय०' (व्हीटीवाय म्हणजे नेटवर्कवरून दुरून केलेलं लॉगिन), पुढे आयपी, मागे वेळ ०२:१७. आयपी जंप सर्व्हरचा, जिथून सगळेच जातात. आणि रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी तिथे ड्यूटीवर होता एकटा कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा, दहा ते सहाच्या शिफ्टला. तो सांगत होता, "सर, मी स्विचला हातसुद्धा लावला नाही." कोणी ऐकलं नाही. सोमवारी त्याचा गेटपास काढून घेतला.

मंगळवारी मी तोच लॉग निवांत पाहिला. ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी होती आणि तारीख होती ४ मार्च. महिना होता ऑगस्ट! सिस्कोच्या त्या जुन्या स्विचमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावलेला नसेल तर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर तो १ मार्च १९९३, रात्री बारापासून मोजायला लागतो. चांदणीचा अर्थच हा, की या वेळेवर विसंबू नका. 'शो व्हर्जन'मध्ये अपटाइम होता ५ दिवस १९ तास. म्हणजे बुधवारी दुपारी साडेचारला वीज गेली होती तेव्हाचा रीस्टार्ट. त्यापुढे तीन दिवस, दोन तास, सतरा मिनिटं मोजा. शनिवार, संध्याकाळी ६:४७. तेव्हा तो मुलगा घरी होता, कामावर यायला अजून तीन तास बाकी होते. काटा शनिवारी सहाला बंद होतो, म्हणून बिघाड सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही.

मी हा हिशेब कागदावर मांडून साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "मग केलं कोणी?" त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण युजर 'अ‍ॅडमिन'. मुलगा परत आला नाही. रविवारीच हा हिशेब केला असता तर त्याची नोकरी वाचली असती, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून जिथे जातो तिथे पहिलं काम हेच सांगतो : लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरकडे द्या. याचे तीन भाग असतात आणि त्या तिन्हींना मिळून एएए म्हणतात. तू कोण, तुला काय करायची मुभा आणि तू काय केलंस. लोक पहिला भाग लावतात आणि थांबतात. माझ्या मते तिसरा सर्वांत मोलाचा, कारण निर्दोष माणसाच्या बाजूने साक्ष देणारा तोच.

स्विच आणि हा सर्व्हर एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलू शकतात. टॅकॅक्स प्लस की रेडियस, हा नेहमीचा प्रश्न. रेडियस १९९१ च्या सुमाराला डायल-अपच्या काळात जन्मलं. ते यूडीपीवर चालतं, पोर्ट १८१२ आणि १८१३ (जुन्या उपकरणांत १६४५ आणि १६४६ दिसतील). 'हा माणूस खरा का' आणि 'याला काय करू द्यायचं' या दोन्हींचं उत्तर एकाच पाकिटात येतं, आणि त्यात फक्त पासवर्ड झाकलेला असतो. टॅकॅक्स प्लस टीसीपी पोर्ट ४९ वर चालतं, हेडर सोडून सगळं झाकतं आणि दोन्ही प्रश्न वेगवेगळे ठेवतं. त्यामुळे प्रत्येक कमांड चालवण्याआधी स्विच सर्व्हरला विचारू शकतो. नाइट शिफ्टच्या मुलाला 'शो' आणि पोर्ट बंद-चालू एवढंच द्यायचं, ट्रंकला हात नको, असं ठरवायचं असेल तर टॅकॅक्स प्लस घ्या. मात्र ते झाकणं आजच्या हिशेबाने कच्चं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये निघालेलं आरएफसी ८९०७ (टॅकॅक्स प्लसचं वर्णन करणारा दस्तऐवज) त्याला एन्क्रिप्शन म्हणतच नाही. टॅकॅक्स प्लस असो की रेडियस, वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच ठेवा.

अनुभव असेल त्यांनी लिहा, अडलं असेल त्यांनी विचारा.

तुर्भे नाका | शनिवार, रात्री १०:१५

तो घड्याळाचा हिशेब वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडचे निम्मे स्विच आजही १९९३ मध्येच आहेत. सोमवारी पहिलं काम एनटीपी.

खारघरचा वारा | शनिवार, रात्री ११:०२

धागा चांगला आहे, पण एक प्रामाणिक शंका. आमची टीम पाच जणांची. एकमेकांवर पूर्ण विश्वास. स्विच चौदा. त्यासाठी सर्व्हर उभा करायचा, तो सांभाळायचा आणि तो बंद पडला तर आपणच बाहेर. एवढ्या लहान जागी हे ओझं नाही का? शिवाय प्रत्येक हालचालीची नोंद म्हटल्यावर माणसांना वाटतं, आपल्यावर पहारा बसवला.

निळी केबल | शनिवार, रात्री ११:४८

शंका रास्त आहे. पहाऱ्याचं आधी बोलतो. त्या कारखान्यातली माणसंही एकमेकांवर विश्वास ठेवणारी होती, एका डब्यात जेवणारी. पण काटा बंद पडला, मालक समोर उभा राहिला, तेव्हा विश्वास वरून खाली घसरत गेला आणि सर्वांत खालच्या पायरीवर थांबला. ज्याच्याकडे पद नाही, ओळख नाही, त्याच्याकडे निदान स्वतःच्या नावाची नोंद तरी हवी. तुमच्या पाच जणांत सर्वांत नवीन कोण आहे? त्याला विचारून बघा.

आणि सोडून जाणाऱ्याचं काय? आज तुम्हाला चौदा ठिकाणी पासवर्ड बदलावा लागेल. खरं सांगा, मागच्या वेळी बदलला होता का? सर्व्हर डिरेक्टरीला (सगळ्यांची खाती एकत्र ठेवणाऱ्या यादीला) जोडलेला असेल तर एक खातं बंद केलं की सगळे दरवाजे बंद.

चौदा स्विचना फ्रीरेडियस (रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) पुरेसं आहे. फुकट आहे आणि जुन्या डेस्कटॉपवर चालतं. फक्त असे दोन ठेवा, वेगवेगळ्या यूपीएसवर.

वागळेचा जुना | रविवार, सकाळी ७:२०

केबलराव, छान लिहिलंत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण 'आपणच बाहेर' हे वाचल्यावर राहवलं नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी हे पहिल्यांदा लावलं. उत्साहात 'एएए न्यू-मॉडेल' टाकलं, लॉगिनच्या ओळीत 'ग्रुप टॅकॅक्स प्लस' लिहिलं आणि शेवटचा 'लोकल' (सर्व्हर नसेल तर स्विचवरचंच खातं वापर) लिहायचा राहिला. सेव्ह केलं, चहाला गेलो. परत येईस्तोवर सेशन दहा मिनिटांच्या नियमाने तुटलं होतं. सर्व्हरची किल्ली (स्विच आणि सर्व्हर दोघांकडे सारखाच लागणारा गुप्त शब्द) एका अक्षराने चुकली होती, त्यामुळे स्विच आणि सर्व्हर एकमेकांना ओळखेनात. निळी कन्सोल केबल लावली, तर तिथेही तीच यादी लागू. दार सगळीकडून बंद.

स्विच मशीनच्या वर बारा फुटांवर, भिंतीतल्या छोट्या रॅकमध्ये. शिडीवर चढलो, लॅपटॉप एका हातावर. मदतनिसाने खाली वीज काढली. मी मोड बटण दाबून धरलं, त्याने वीज दिली, दिवा लुकलुकेपर्यंत बोट तसंच. मग स्विच सुरू होता होता अर्ध्यात थांबतो. तिथे फ्लॅश जागी करायची, 'कॉन्फिग.टेक्स्ट'चं नाव बदलून 'कॉन्फिग.ओल्ड' करायचं आणि बूट म्हणायचं. स्विच कोरा उठतो. मग जुनी फाइल परत आणायची, मेमरीत चढवायची, चुकलेली ओळ सुधारायची आणि सेव्ह. शाईचा वास, घामाने ओला शर्ट आणि खाली पाच मशीन थांबलेल्या.

त्यानंतर माझा क्रम कधी मोडला नाही. आधी स्विचवर स्वतःचा लोकल युजर बनवायचा, पासवर्ड 'सीक्रेट' प्रकारात. सात नंबरचा प्रकार नको, तो कोणीही उलगडतो. मग 'रिलोड इन १५'. काही बिघडलं तर स्विच पंधरा मिनिटांनी आपोआप जुन्या कॉन्फिगवर उठेल, अर्थात सेव्ह केलेलं नसेल तरच. मग एएएच्या ओळी. पहिली खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं. जमलं तरच 'रिलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह.

जुईनगर | रविवार, सकाळी ९:०५

काकांच्या मुद्द्याला जोडून. 'लोकल'चा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. सिस्कोवर यादीतल्या पुढच्या पर्यायाकडे स्विच तेव्हाच जातो, जेव्हा सर्व्हर उत्तरच देत नाही. सर्व्हरने 'नाही' म्हटलं तर तो नकार अंतिम. मग लोकल पासवर्ड बरोबर असला तरी दार उघडत नाही. ज्युनिपरमध्ये मात्र क्रमात रेडियसनंतर 'पासवर्ड' लिहिलेलं असेल, तर सर्व्हरने नाकारल्यावरही तो लोकल पासवर्ड तपासतो. म्हणजे सर्व्हरवर बंद केलेला माणूस जुन्या लोकल खात्याने आत येऊ शकतो. आमच्याकडे दोन्ही आहेत आणि हा फरक कळायला वर्ष गेलं.

घणसोली लोकल | रविवार, सकाळी १०:३०

आमच्या ऑफिसात लॅपटॉप पोर्टला लावला की युजरनेम-पासवर्ड मागतो. ते हेच ना?

जुईनगर | रविवार, सकाळी १०:४१

नाही, ते ८०२.१एक्स. तिथे स्विचमधून पुढे नेटवर्कमध्ये कोणाला जाऊ द्यायचं ते ठरतं. इथे विषय खुद्द स्विचमध्ये शिरण्याचा आहे. रेडियस सर्व्हर दोन्हींना तोच चालतो, म्हणून गोंधळ होतो.

ऐरोलीची मीरा | रविवार, दुपारी ४:१०

दादा, मी ऐरोलीतल्या एका कॉलेजात सिस्टिम बघते. सव्वीस स्विच, आम्ही तिघं. धागा वाचून आज सुट्टीच्या दिवशी येऊन बसलेय. फ्रीरेडियस टाकलं, एका स्विचवर ओळी लिहिल्या (काका, लोकल युजर आधी बनवला आणि रिलोडही लावला). पण लॉगिन करताना वीसेक सेकंद काहीच होत नाही आणि मग लोकल पासवर्डनेच आत घेतं. पिंग दोन्हीकडून व्यवस्थित.

निळी केबल | रविवार, दुपारी ४:३५

मीराताई, ते वीस सेकंद म्हणजे पाच सेकंदांचा एक प्रयत्न आणि वर तीन वेळा पुन्हा. सर्व्हर गप्प आहे. फ्रीरेडियस डीबगमध्ये चालवा, सर्व्हिस थांबवून मोठ्या 'एक्स'च्या पर्यायाने. मग पुन्हा लॉगिन करा आणि पडद्यावर काय येतं ते सांगा.

ऐरोलीची मीरा | रविवार, दुपारी ४:५२

'इग्नोरिंग रिक्वेस्ट... फ्रॉम अननोन क्लायंट'. आणि पुढे जो आयपी दाखवतोय तो मी दिलेलाच नाही! मी व्हीलॅन ९९ चा दिला होता, हा व्हीलॅन १० चा आहे.

निळी केबल | रविवार, दुपारी ५:०३

सापडलं. स्विचला दोन-तीन व्हीलॅनमध्ये आयपी असले की तो सर्व्हरकडे ज्या वाटेने निघतो तिथला आयपी पाकिटावर लिहितो. सर्व्हर अनोळखी पत्त्याला उत्तर देत नाही, नकारही देत नाही. 'आयपी रेडियस सोर्स-इंटरफेस व्हीलॅन ९९' ही एक ओळ टाका. सव्वीसही स्विचवर हीच ठेवा, म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक स्विचचा एकच ठरलेला पत्ता राहील.

आणि व्हीटीवायवर टेलनेट (उघडं लॉगिन) बंद करून फक्त एसएसएच (झाकलेलं लॉगिन) ठेवा. नाहीतर सर्व्हरकडचा पासवर्ड वाटेत उघडाच जाईल.

ऐरोलीची मीरा | रविवार, संध्याकाळी ५:२०

झालं!! माझ्या नावाने आत आले. पण '>' चिन्हावरच अडकलेय, पूर्ण अधिकाराचा हॅश (#) येत नाही.

जुईनगर | रविवार, संध्याकाळी ५:२८

सर्व्हरने तुम्हाला ओळखलं, पण अधिकार सांगितले नाहीत. युजरच्या उत्तरात सिस्को-एव्हीपेअर द्या, 'शेल:प्रिव्ह-लेव्हल=१५', त्यातला लेव्हल 'एलव्हीएल' असा आखूड लिहायचा. आणि स्विचवर 'एएए ऑथरायझेशन एक्झेक डिफॉल्ट ग्रुप रेडियस लोकल' हवं.

निळी केबल | रविवार, संध्याकाळी ६:१५

मीराताई, तुम्ही रेडियस लावताय म्हणून एक महत्त्वाचं. सिस्कोचे स्विच रेडियसवर 'कोण कधी आलं, कधी गेलं' एवढंच कळवतात. कोणती कमांड टाकली हे फक्त टॅकॅक्स प्लसवर जातं. पण यावर साधा उपाय आहे. स्विचवर 'आर्काइव्ह', त्यात 'लॉग कॉन्फिग', त्यात 'लॉगिंग एनेबल', 'नोटिफाय सिसलॉग' आणि 'हाइडकीज'. मग कॉन्फिगमधली प्रत्येक बदललेली ओळ युजरच्या नावासकट सिसलॉग सर्व्हरवर (सगळ्यांचे लॉग गोळा करणाऱ्या मशीनवर) जाते आणि पासवर्ड झाकले जातात. महापेच्या त्या स्विचवर या पाच ओळी आणि वेगवेगळी खाती असती तर नाव तिथल्या तिथे समोर आलं असतं.

दुसरं, जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस नावाची त्रुटी उघड झाली. स्विच आणि सर्व्हरच्या मध्ये शिरलेला माणूस एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीचा कच्चेपणा वापरून सर्व्हरचा नकार होकारात बदलू शकतो. स्विचचं लॉगिन ज्या साध्या पद्धतीने होतं, तीच यात सापडते. फ्रीरेडियस नवीन आवृत्तीचं घ्या, स्विचचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि दोन्हीकडे 'मेसेज-ऑथेंटिकेटर' सक्तीचा करा.

तुर्भे नाका | रविवार, रात्री ८:४०

वेळेबद्दल अजून एक. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत : लॉग १८० दिवस देशातच जपायचे, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपीशी जुळवायची, काही घडलं तर ६ तासांत कळवायचं. साहेबांकडून सिसलॉग सर्व्हरसाठी डिस्क मंजूर करून घ्यायची असेल तर हा कागद पुढे ठेवा. माझी याच कागदावर मंजूर झाली.

खारघरचा वारा | सोमवार, दुपारी १:१५

निळी केबल, तुम्ही म्हणालात तसं आमच्यातल्या सर्वांत नवीन मुलीला विचारलं. ती पटकन म्हणाली, "सर, प्लीज करा." इतके दिवस काही बिघडलं की ती आधी स्वतःच्या कमांडचे स्क्रीनशॉट काढून ठेवत होती, हे मला माहीतच नव्हतं. काम सुरू करतोय. लोकल खात्याचा पासवर्ड कुठे ठेवायचा?

वागळेचा जुना | सोमवार, दुपारी २:३०

लांबलचक ठेवा. छापून दोन पाकिटांत बंद करा, चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या सह्या. एक पाकीट अकाउंटच्या तिजोरीत, एक दुसऱ्या इमारतीत. पाकीट फोडलं की वहीत तारीख आणि कारण लिहायचं आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलून नवं पाकीट. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, एकदासुद्धा नाही. कॉन्फिगची फाइलही नाही, तिच्यात सर्व्हरची किल्ली असते.

ऐरोलीची मीरा | गुरुवार, रात्री १०:५५

सव्वीसही स्विच झाले. तिघांची तीन खाती, अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात. पण आज सर्व्हरचा लॉग बघताना दचकले. दर तासाला कोणीतरी 'अ‍ॅडमिन' नावाने प्रत्येक स्विचवर लॉगिन करायला बघतंय आणि नाकारलं जातंय. आम्ही तिघांपैकी कोणीच नाही.

निळी केबल | गुरुवार, रात्री ११:०६

घाबरू नका. त्या नोंदीत 'कॉलिंग-स्टेशन-आयडी' बघा. कुठून येतंय तो आयपी त्यात असेल. मग एआरपीच्या तक्त्यातून त्या आयपीचा मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) आणि मॅकवरून स्विचचा पोर्ट.

ऐरोलीची मीरा | शुक्रवार, दुपारी १२:४०

सापडलं. पोर्ट जुन्या लॅबमधला निघाला. टेबलाखाली धूळ खात पडलेला एक पीसी, मॉनिटरही नाही. तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सरांनी कॉन्फिगचा बॅकअप घ्यायची स्क्रिप्ट लावली होती. तिच्यात जुना पासवर्ड उघडा लिहिलेला. पण फोल्डरमध्ये सव्वीसही स्विचचे तीन वर्षांचे बॅकअप आहेत, सोमवारपर्यंतचे. आम्हाला वाटत होतं आपल्याकडे एकही नाही. आता याचं काय करू?

निळी केबल | शुक्रवार, दुपारी १:०२

त्या सरांना फोन करून आधी आभार माना. मग स्क्रिप्टला तिचं स्वतःचं खातं द्या, 'बॅकअप' अशा नावाचं. सर्व्हरवर ते खातं फक्त त्याच आयपीवरून चालेल असं बांधा आणि फोल्डर नव्या सर्व्हरवर हलवा. तीन वर्षांच्या त्या फाइल जपून ठेवा. अ‍ॅडमिनचा जुना पासवर्ड आणखी कुठे वापरला होता का, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर), वायफाय कंट्रोलर, यूपीएसचं कार्ड, हे आजच बघा.

ऐरोलीची मीरा | शुक्रवार, दुपारी ४:२५

सरांशी बोलले. ते आता पुण्यात असतात. म्हणाले, स्क्रिप्ट अजून चालू होती हे ऐकून बरं वाटलं. एनव्हीआरवर तोच पासवर्ड होता, बदलला. यूपीएसच्या कार्डवरही तोच. वायफायचं उद्या सकाळी बघते.